खळ्यावरची नोंद

२६ मे २०२५
मान्सून आला. मेमध्येच. अण्णा, माझे वडील, म्हणतात, एवढ्या लवकर आलेला त्यांनी पाहिला नाही. दाढ भाजून ठेवली होती, राख ओढ्याला गेली. धूळवाफेवर पेरायचं राहिलं.
आंबेमोहराचं बी कोरडं आहे. कणगीशेजारच्या माठात, तोंड शेणाने लिंपलेलं.

२८ मे
अण्णांचा फोन. गादीवाफे उंच करणार. बी भिजवून, मोड आणून टाकणार. आवाज थकलेला.

१ जून
कोथरूडला किराणा दुकानात गेले होते. ‘आंबेमोहर’ लिहिलेली चार पोती, चार भाव. एकातला दाणा चांगला लांबट. आंबेमोहर आखूड असतो, जेमतेम साडेपाच मिलिमीटर, अंगाने जाडसर. विचारलं, कुठला हा? “मुळशीचा.” थोडा वेळ थांबून म्हणाला, “म्हणजे बी मुळशीचं. माल मध्य प्रदेशातून येतो.” तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार.
आपल्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. खांबोलीच्या उत्पादक संघाने मिळवलं. प्रमाणपत्र कपाटात राहतं, पोत्यावर नाव कुणीही लिहितं.

२ जून
देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने यंदा फळाफळावर स्टिकर लावलं. प्रत्येकाचा नंबर वेगळा. नंबरचा एक भाग वर, एक स्टिकरच्या आत दडवलेला. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की आतला भाग तिकडून कळतो. स्टिकर फाडायचं, जुळतो का बघायचं. साधं आहे, घरातल्या आजीलाही जमेल.
तांदळाच्या दाण्यावर स्टिकर लागत नाही.

७ जून
हिंजवडीत रस्त्यावर पाणी. गाड्या जागच्या जागी. दोन तास बसून राहिले.
हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. आमचं कोळवण खोरंही त्याच तालुक्यात. इथे बसून मी जगभरच्या मालाचा माग ठेवणारी प्रणाली लिहिते. जर्मनीतल्या गोदामात कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे ते मला दिसतं. अण्णांचा तांदूळ पौडच्या पुढे गेला की कुणाच्या नावाने विकला जातो, ते कळत नाही.

८ जून
मृग लागला. रविवार. देवळात बसलो. नऊ घरं. आंबेमोहर लावणारी एवढीच उरलीत, बाकी सगळी इंद्रायणी. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात केंद्राने १९८७ साली दिली, आंबेमोहराच्याच पोटातली. उतारा जास्त, बुटकी, लोळत नाही. लावतात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.
आंबेमोहराचा माग ब्लॉकचेनवर ठेवायचा, तर ब्लॉकचेन यांना कसं सांगायचं, रात्रभर डोक्यात तेच होतं. शेवटी लॅपटॉप उघडून दाखवलं. लिहिलं, ‘भात ५०० किलो’. खाली यंत्राने चौसष्ट अक्षर-आकड्यांची ओळ काढली. ५०० चं ५०१ केलं. ओळ ओळखू येईना, इतकी बदलली. म्हटलं, हा त्या नोंदीचा अंगठा. पुढच्या नोंदीत आधीच्या नोंदीचा अंगठा उमटतो. मागे जाऊन कुणी आकडा फिरवला की तिथून पुढचे सगळे अंगठे चुकतात. वही तीन ठिकाणी राहणार: या नऊ घरांच्या गटाकडे, गिरणीत, पुण्याच्या दुकानात. एकट्याला फिरवता येणार नाही.
तात्यांनी विचारलं, “आन् चुकून लिवलं तर?”
“खोडायचं नाही तात्या. खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची. जुनी तशीच दिसत राहते.”
अण्णा म्हणाले, “म्हंजे फेरफार.”
सगळ्यांना एकदम कळलं. तलाठ्याकडचा गाव नमुना सहा. सातबारावर आमच्या आजोबांचं नाव अजून कंसात आहे. पुसलेलं नाही. आठ वर्षं या कामात आहे, इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.
उठता उठता वहिनी बोलल्या. तात्यांच्या सूनबाई. “समदं खरं. पर खळ्यावर उभं राहून नोंद कोण करनार? आन् त्याला काय मिळनार?”
कुणी उत्तर दिलं नाही.

९ जून
वहिनींचा प्रश्न डोक्यातून जात नाही. आम्ही आराखड्यात बाण काढतो. शेत, बाण, गिरणी, बाण, दुकान. बाणाच्या सुरुवातीला उभ्या असलेल्या माणसाची मजुरी कुठेच धरलेली नसते.

११ जून
ऑफिसातला जुना सहकारी म्हणाला, नऊ शेतकऱ्यांना ब्लॉकचेन कशाला? साधा डेटाबेस पुरेल. म्हटलं, तो कुणाच्या ताब्यात? तो म्हणाला, तुझ्या. तेच नको आहे. उद्या मीच आकडा बदलला तर?
त्याचा दुसरा मुद्दा खरा आहे. वही सगळ्यांनी वापरली तरच वही. मर्स्क आणि आयबीएमने जहाजांच्या मालासाठी ट्रेडलेन्स काढलं. एवढे मोठे दोघे. बाकीच्या कंपन्या मनापासून आत आल्या नाहीत, २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. वॉलमार्टने मात्र आंब्याच्या फोडींच्या एका पाकिटाचा माग काढून दाखवला होता. जुन्या पद्धतीने ६ दिवस, १८ तास, २६ मिनिटं. ब्लॉकचेनवर २.२ सेकंद. वॉलमार्टला पुरवठादाराला ‘आत ये’ म्हणावं लागत नाही, सांगितलं की झालं.
आमचं गिरणीवाल्या भाऊंच्या मर्जीवर आहे.

१५ जून
गिरणीवाले भाऊ हो म्हणाले. अट एक: “मला लिवायला लावू नका, काट्यावरचा आकडा फोनात आपोआप जाऊ द्या.” काटा जुना. नवीन घ्यावा लागेल. गटाच्या पैशातून निम्मे, निम्मे माझे.

२२ जून
रोपं पिवळी. पाणी हटत नाही. तात्यांचा एक वाफा कुजला.

६ जुलै
आषाढी. सकाळी उपवास, दुपारी लावणी. चिखलात पोटरीपर्यंत. चारसूत्रीची दोरी धरायला मला लावलं. चार चुडांच्या मध्ये खताची एक ब्रिकेट, बोटाने खोल दाबायची. संध्याकाळी बोटाचं नख काळं.
गट क्रमांक, खाचराची खूण, बी कुठलं, लावणीची तारीख. पहिली नोंद. वहिनींनी केली. रेंज फक्त उंबराखालच्या दगडावर. तिथे उभ्या राहून, पदराखाली फोन धरून. पंधरा मिनिटं लागली.
अण्णांचं आंबेमोहर तीस गुंठे. बाकी इंद्रायणी.

१३ जुलै
आई लावणीला वाकली की बोलते. तिच्या आजीचं गाव मुळशी धरणात गेलं. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते. त्या खोऱ्यात आंबेमोहरच पिकायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाचरांचे बांध वर दिसतात, असं आजी सांगायची. कुणाचा कुठला बांध, हे तिला बोटाने दाखवता यायचं.
आता ते दाखवणारं कुणी नाही.

२९ जुलै
नागपंचमी. घरी जाता आलं नाही.

३ ऑगस्ट
दिंडोरीचा मावसभाऊ आलाय. द्राक्षवाला. त्यांच्याकडे ग्रेपनेट २००६ पासून. अपेडाचं. बागेची नोंदणी, औषधांच्या तपासणीचा अहवाल, पेटीवर नंबर. युरोपातल्या पेटीवरून इथली बाग सापडते. ब्लॉकचेन नाही, पण माग आहे.
त्याला म्हटलं, मग २०१० ला काय झालं? गप्प झाला. क्लोरमेक्वाटचा अंश सापडला, युरोपात कंटेनर अडकले. त्याच्या वडिलांचाही माल त्यात होता. माग पक्का होता, कागद स्वच्छ होते. ज्या रसायनांची तपासणी करायची त्या यादीत तेच नव्हतं.
रात्री बराच वेळ जागी. आमच्या यादीत काय नाही?

१९ ऑगस्ट
ताम्हिणीकडून पाऊस थांबत नाही. बांध फुटला दोन ठिकाणी.

२० ऑगस्ट
बांध घातला. आईचा ताप.

३१ ऑगस्ट
गौरी आल्या. नैवेद्याला जुना आंबेमोहर, शेवटची पायली.
वखार महामंडळात काम करणारे एक ओळखीचे आले होते. त्यांच्याकडे २०२० पासून गोदामाच्या पावत्या ब्लॉकचेनवर. शेतकरी माल ठेवतो, पावती वहीत चढते, राज्य सहकारी बँक तारण कर्ज देते. एकच पावती दोन बँकांत गहाण पडत नाही. अण्णांना हे सगळ्यात पटलं. “पडत्या भावात इकावं लागनार न्हाय.” तांदळाचं नाव खरं की खोटं यापेक्षा हा प्रश्न त्यांना जवळचा. मला आधी का सुचला नाही?
महामंडळाच्या गोदामात माल आत येताना वजन होतं, प्रत तपासली जाते, मग पावती. त्यांनी हे दोनदा सांगितलं.

१४ सप्टेंबर
पोटरीत आलं. थोडा करपा.

५ ऑक्टोबर
दिवसभर भेसळ काढली. आंबेमोहरात इंद्रायणीची चार-दोन रोपं येतातच. ती आधी निसवतात, बुटकी असतात, उंच रोपांत दडतात. अण्णा पुढे, मी मागे. ते न बघता हात घालतात, नेमकं तेच रोप उपटून येतं. एकदा मी चुकीचं उपटलं. काही बोलले नाहीत, ते रोप चिखलात परत खोचलं. जगणार नाही हे त्यांनाही माहीत.
नोंद: भेसळ काढली, ५ ऑक्टोबर, काढणारे दोघे.

११ ऑक्टोबर
निसवलं. पहाटे बांधावर गेले. धुकं. वास पायापासून वर येतो. आंब्याच्या मोहराचा म्हणतात, मला त्यात ओल्या मातीचाही येतो. या वासाच्या रेणूला प्रयोगशाळेत २-असिटाइल-१-पायरोलिन म्हणतात, बासमतीतही तोच. मोजता येतो. पण ते यंत्र लाखांचं, आणि आमच्या एका पिशवीची किंमत सातशे रुपये.
आई तांदूळ तळहातावर घेते, त्यावर तोंडाची वाफ सोडते, मग नाकाशी नेते. एवढंच. तिचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.
ही नोंद वहीत कशी करायची?

१२ ऑक्टोबर
व्हॉट्सॲपवर मागणी मागितली. पाच-पाच किलोच्या पिशव्या, किलोला १४० रुपये. संध्याकाळपर्यंत अण्णांच्या वाट्याच्या चाळीस.

१६ ऑक्टोबर
साठ झाल्या. थांबवलं. दरसालच्या उताऱ्यावर साठ सहज निघतील.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. दादा आला. आभाळ.

२६ ऑक्टोबर
पाऊस.

२७ ऑक्टोबर
पाऊस. तात्यांची इंद्रायणी कापून पडलेली, पाण्यात.

२९ ऑक्टोबर
पाऊस. आंबेमोहर लोळला. उंच असतो, काडीने मऊ. एका कोपऱ्यात लोंब्या पाण्याला टेकल्या, दाण्याला मोड. वहिनींचा फोटो आला, खाली एक ओळ: “नोंद करू का?” म्हटलं, करा. “नुकसान कशात धरू?” आराखड्यात तो रकानाच नव्हता. रात्री बसून घातला.

१ नोव्हेंबर
अण्णा फोनवर बोलत नाहीत. आई म्हणते, बांधावर जाऊन उभे राहतात.

१५ नोव्हेंबर
कापणी. लोळलेलं कापायला दुप्पट वेळ. मजुरी दुप्पट.

२२ नोव्हेंबर
झोडणी. खळं सारवलेलं. पेंढ्या लाकडी बाकावर आपटायच्या, दाणे उडतात, पळंज वाऱ्यावर जाते. वहिनी काट्यापाशी. पोतं चढवलं की आकडा वाचायचा, फोनमध्ये, शिवाय चुन्याने भिंतीवर. मी म्हटलं, भिंतीवर कशाला? “माझ्यासाठी.”
एकूण ४२० किलो. दरसाल साडेपाचशेच्या आतबाहेर असतं.

२९ नोव्हेंबर
वाळून ४०५. ओल मोजली, १३ टक्के. वहिनींची नोंद. भिंतीवर ४२० खाली ४०५.
हिशेब केला. गिरणी चांगली असली तर शंभराला बासष्ट. म्हणजे २५० किलो. पन्नास पिशव्या. सांगितल्यात साठ.
अण्णांना म्हटलं, दहा पिशव्यांना नाही म्हणावं लागेल. “बघू,” म्हणाले.

६ डिसेंबर
गिरणी. मला ऑफिसातून निघता आलं नाही. अण्णा आणि तात्या गेले. भाऊंनी पद्धत सांगितल्याप्रमाणे केलं: आधीच्या गिऱ्हाइकाचं यंत्रात दोन-तीन किलो राहतं, म्हणून आमचे पहिले पाच किलो वेगळे काढले. बाहेर पडणाऱ्या तांदळाचं वजन काट्यावरून थेट वहीत. संध्याकाळी फोनवर अंगठा उमटलेला दिसला. इतका आनंद झाला की आकडा नीट वाचलाही नाही.

७ डिसेंबर
बावीस पिशव्या पुण्यात पोचवल्या. अकरा घरं. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी माझ्यासमोर क्यूआर कोड स्कॅन केला. आमचं खाचर, लावणीची तारीख, पावसाची नोंद, झोडणी. सगळं मोठ्याने वाचलं. बायकोला हाक मारली, परत वाचलं.

८ डिसेंबर
घरी. नव्या तांदळाचा भात. आई भात न घेता भाकरी जेवली.

१० डिसेंबर
दुपारी, कामाच्या मध्येच, वही उघडून बसले.
खळ्यावर ४०५. गिरणीतून ३३१.
शंभराला जवळजवळ ब्याऐंशी. होऊ शकत नाही. तूसच वीस टक्के जातं, वर कोंडा, वर कणी. कुठल्याही गिरणीत होऊ शकत नाही.
काट्यात बिघाड असेल. भाऊंना फोन केला. त्यांनी वीस किलोचं माप ठेवून फोटो पाठवला. वीस.

१० डिसेंबर, रात्री
वहिनींना फोन केला. आधी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग, “माझं चारशे पाच खरं हाय ताई. भिंतीवर हाय.”

११ डिसेंबर
८० किलो तांदूळ. भाताचं १३० किलो. तीन पोती.
गिरणीत आत जाताना वजन घेतलं जात नाही, खळ्यावरचंच धरलं आहे. ते मी तसं लिहिलं. वखारीचे ते गृहस्थ दोनदा सांगत होते.
कुणाची तीन पोती हे मला कळलंय. लिहवत नाही.

१३ डिसेंबर
घरी पोचले तेव्हा अण्णा ओट्यावर. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “तात्याला बोल लावू नको. त्याला म्या सांगितलं हुतं, ही बी आंबेमोहराचीच हायेत.”
बसले शेजारी.
“साठ पिशव्या सांगून बसलीस. निघत हुत्या पन्नास. तुझं तोंड पडलं असतं पुण्यात.”
मी काही बोलले नाही.
“इंद्रायणी तरी कोन? आंबेमोहराचीच लेक.”
नंतर खूप वेळ गप्प. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, परत बसली.
“खोड ते.”
“खोडता येत नाही अण्णा.”
“ठाव हाय मला.”
आई आतून म्हणाली, “आडात न्हाय ते पोहऱ्यात कुठनं येनार. मला पैल्या वाफेलाच कळलं.” सहा दिवस ती बोलली नव्हती. भाताला शिवली नव्हती.

१४ डिसेंबर
सकाळी अण्णांनी हाक मारली. उंबराखाली चल म्हणाले. दगडावर दोघे उभे. त्यांच्या फोनवरून, त्यांच्याच किल्लीने. ते सांगत गेले, मी टाईप केलं. एकही शब्द माझा नाही:
“दुरुस्ती. या तांदळात इंद्रायणीचं एकशेतीस किलो भात मिसळलं आहे. मिसळणारा मी. गिरणीवाल्याची व नोंद करणाऱ्या बाईची यात चूक नाही.”
पाठवण्याचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. दोनदा विचारलं, गेलं का? रेंज नव्हती. चार मिनिटं उभे होतो.
गेलं.

१५ डिसेंबर
अकरा घरांना फोन. मी लावायचा, अण्णा बोलणार, असं त्यांनीच ठरवलं. प्रत्येकाला एकच: “तुमच्याकडं आलेला तांदूळ निव्वळ आंबेमोहर न्हाय. परत द्या न्हायतर इंद्रायणीच्या भावानं ठेवा.”
सातव्या फोननंतर पाणी प्यायले.

१६ डिसेंबर
सहा घरांनी परत केला. चार जणांनी कमी भावात ठेवला. एकांनी फोन उचलला नाही, दोनदा मेसेज ठेवला. सदाशिव पेठेतले आजोबा म्हणाले, वास कमी वाटला होता, मला वाटलं नाकच गेलं वयाने. ठेवून घेतला. पुढच्या वर्षीच्या दोन पिशव्या आत्ताच लिहून घ्या म्हणाले.

१७ डिसेंबर
न पोचलेल्या अडतीस पिशव्यांच्या गिऱ्हाइकांनाही खरं कळवलं. नऊ जणांनी पैसे परत मागितले. दिले.

१९ डिसेंबर
सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बघ, खोटं आत गेलंच, तुझ्या ब्लॉकचेनने थांबवलं का? नाही थांबवलं. चार दिवसांत सापडलं ते बेरजेने. बेरीज जमली नाही, कारण एका बाईने खळ्यावर खरा आकडा लिहिला आणि नंतर तो कुणालाच, मलासुद्धा, फिरवता आला नाही. फिरवता येत असता तर? बुधवारी रात्री, १० तारखेला, एकटी बसले होते. ३३१ चं २५१ करायला एक मिनिट लागलं असतं. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं.

२८ डिसेंबर
देवळात परत नऊ घरं. तात्या अण्णांशी बोलत नव्हते. एकाने सुचवलं, दुरुस्तीची नोंद गिऱ्हाइकाला दिसू नये असं करता येईल का, गटाचं नाव खराब होतं. करता येतं. स्क्रीनवर दाखवायचं नाही, एवढंच. वहीत राहतं. मी बोलायच्या आत अण्णा उठले. “माझी नोंद हाय. दिसू द्या.”
ठरलं ते असं. गिरणीत आत जाताना वजन, बाहेर येताना वजन, दोन्ही वहीत. शंभर किलो भातामागे ६५ किलोच्या वर तांदूळ दिसला तर पिशवीवरचा कोड निघणारच नाही. तीस गुंठ्यांना किती भात, त्याचीही वरची मर्यादा. पिशव्या भरायच्या आधी आई आणि आणखी दोघी वास घेणार, त्यांची नावं नोंदीत. मागणी कापणीनंतरच घ्यायची. हे शेवटचं माझ्यासाठी.
मग वहिनींच्या प्रश्नाचं. जूनपासून लोंबकळत होतं. नोंद करणाऱ्या बाईला किलोमागे एक रुपया, गटाच्या पैशातून, तांदूळ विकायच्या आधी. मागचे सगळे हिशेब काढले. नऊ घरांचं मिळून त्यांचे ३,११० रुपये निघाले. तात्यांनी स्वतः मोजून सुनेच्या हातात दिले.
निघताना तात्या अण्णांना म्हणाले, “उद्या पेंढा न्यायला येतो.”

१ जानेवारी २०२६
गिरणीत आत जाण्याच्या वजनासाठी दुसरा काटा बसला.

१० जानेवारी
कोथरूडच्या त्या दुकानात आज परत गेले. ‘आंबेमोहर’ची चार पोती तशीच. दुकानदाराला आमची वही दाखवली. दुरुस्तीची नोंदही दाखवली. ती त्याने नीट वाचली, दोन वेळा. म्हणाला, पुढच्या सालचे शंभर किलो मला द्या. वेगळ्या फळीवर ठेवतो.
कोथरूडला, पेठेत, कुठेही आंबेमोहर घेणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं: कुठल्या गावचा, कुठल्या गिरणीतून आला. दोन प्रश्न. उत्तर आलं नाही तर तेही कळलंच.

१४ जानेवारी
संक्रांत. आंबेमोहराचे वडे. तांदूळ तात्यांकडचा, त्यांचा निव्वळ निघाला. आईने पिठाचा वास घेतला, मग मळायला बसली.
संध्याकाळी पुढच्या सालचं बी माठात भरलं. भेसळ काढलेल्या वरच्या खाचरातलं, पावसाआधी खुणेने राखून ठेवलेल्या लोंब्यांचं, आपटून वेगळं काढलेलं. तोंड शेणाने लिंपलं. साडेबारा किलो. वजन अण्णांनी केलं, नोंद वहिनींनी. फोनमध्ये आणि भिंतीवर.